काजूचं तेल लावू नका, ताई

प्रश्न : मी हर्णै बंदरावर मासळी विकते. माझ्या बोटांवर तीन आणि नऊ वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यावर दोन चामखिळी आल्यात. शेजारीण म्हणते, काजूबीच्या टरफलाचं तेल लाव, जळून जातील. लावू का?

उत्तर : नको ताई, अजिबात नको. त्या तेलाने भोवतालची चांगली कातडीही भाजते. गेल्याच मे महिन्यात गुडघाभर जखम घेऊन आलेलं पोर मी पाहिलंय. चामखीळ विषाणूमुळे होते. मुलांच्या बहुतेक चामखिळी दोनेक वर्षांत आपोआप जातात. दुखत नसेल तर त्याची तशीच राहू द्या.

तुमचं वेगळं. हात दिवसभर बर्फाच्या पाण्यात, काट्यांनी खरचटलेले, म्हणून त्या पसरतात. रात्री बोटं पाच मिनिटं कोमट पाण्यात धरा, वरचा पांढरट थर नखांच्या कानशीने हलकेच घासा. काळे ठिपके दिसतील. ती मुळं नव्हेत, रक्त गोठलेल्या बारीक वाहिन्या आहेत, उकरू नका. भोवती व्हॅसलीन लावून १७ टक्क्यांचं सॅलिसिलिक ॲसिड थेंबभर, फक्त चामखिळीवर. १२ आठवडे नेमाने. कानस घरात दुसऱ्या कुणाला देऊ नका. चेहऱ्यावर हे औषध चालत नाही, आणि मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. रक्त येऊ लागलं, रंग बदलला किंवा झपाट्याने वाढली, तर बाजार बुडाला तरी दाखवायला या.