निकाली कुस्ती ‘बरोबरीत’ कशी सुटते?

प्रश्न असा आहे: जत्रेच्या फलकावर ‘जंगी निकाली कुस्त्या’ असं छापतात आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते, ‘निकाली कुस्ती बरोबरीत सुटली’. निकालच लागला नाही, तर ती निकाली कशी?

बातमीत चूक नाही. कुस्तीच्या आधी लागलेला ‘निकाली’ हा शब्द ठरलेली अट सांगतो: गुण मोजायचे नाहीत, पाठ टेकेपर्यंत लढायचं. पुढे काय झालं, हे त्यात येत नाही. जोड तुल्यबळ निघाली, अंधार पडायला आला की पंच कुस्ती सोडवतात. अट मात्र निकालीचीच होती. ‘कुस्ती निकाली झाली’ असं म्हटलं, की अर्थ बदलतो. तिथे कोणीतरी चितपट झालेलाच असतो. (कचेरीतलं ‘प्रकरण निकाली निघालं’ या दुसऱ्या अर्थाच्या जवळचं, तिथे बरोबरीची सोय नसते.)

दोन्ही अर्थ एकाच जोडीत बघायचे तर 1910 सालच्या लंडनकडे वळावं लागतं. तिथे तेव्हा धंदेवाईक कुस्त्या नाटकगृहांतून चालत, तिकीट लावून. गामा पैलवानाने अल्हाम्ब्रा थिएटरात डॉ. बेंजामिन रोलर या अमेरिकन मल्लाला ऑगस्टमध्ये लागोपाठ दोनदा चीत केलं. पहिल्या खेपेला तर दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग 10 सप्टेंबरला शेफर्ड्स बुशच्या मोठ्या स्टेडियमवर पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को समोर आला. पणाला अडीचशे पौंड आणि ‘जॉन बुल’ हा विजेत्याचा कमरपट्टा. गामाने सुरुवातीलाच त्याला खाली घेतलं. झिबिस्को अंगाने भारी, वर डोक्याने हुशार. तो पालथा पडून गादीला जो चिकटला, तो अडीच तासांहून जास्त वेळ. खांदे टेकवल्याशिवाय कुस्ती संपणार नव्हती आणि गामाला काही केल्या तो उलथेना. आपल्याकडे असतं तर प्रेक्षकांनी ‘ऊठ की रं!’ म्हणून मैदान डोक्यावर घेतलं असतं. शेवटी कुस्ती सोडवली.

म्हणजे ही ‘बरोबरीत सुटलेली निकाली कुस्ती’, अगदी बातमीतल्यासारखीच.

पुढची तारीख 17 सप्टेंबर ठरली. झिबिस्को आलाच नाही, पट्टा गामाला मिळाला. या प्रसंगाला ‘कुस्ती निकाली झाली’ असं मी तरी लिहिणार नाही. गामा विजयी ठरला, एवढंच म्हणावं. लढतच झाली नाही, तर पाठ कोणाची टेकणार?

ती टेकली 1928 साली, पतियाळात. दोघेही पन्नाशीच्या आसपास, आणि गामाने मिनिटभराच्या आत झिबिस्कोला आसमान दाखवलं. इथे ‘निकाली झाली’ बेलाशक लिहा.