ट्यूलिपला पुण्यात हिवाळा कुठून आणायचा?

प्रश्न : दिवाळीनंतर ट्यूलिपचे कंद कुंडीत लावले. पानं छान आली, पण कळी पानांतच अडकून सुकली. खत कमी पडलं का? (कर्वेनगर)

खताचा संबंध नाही, थंडी कमी पडली. एखादा कंद उभा चिरून पाहा. पांढऱ्या मांसल पापुद्र्यांच्या मधोमध इवलीशी कळी दिसेल. म्हणजे फूल आत तयारच असतं, पण दांडा लांबून ते वर यायला कंदाला साधारण 12 ते 16 आठवडे 9 अंशांखालची थंडी मिळावी लागते. काश्मीरमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेला कंद जमिनीतच हिवाळा काढतो आणि श्रीनगरची बाग मार्चअखेरीस फुलू लागते. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा 10 अंशांवर उतरला, तरी दुपारी तो तिशीच्या आसपास जातो. कुंडीतली माती तेवढी गार राहतच नाही.

प्रश्न : मग कंद फ्रीजमध्ये ठेवायचे का? कधी, किती दिवस? (सहकारनगर)

हो, पुण्यात तोच खात्रीचा मार्ग. आधी विक्रेत्याला विचारा, कंदांना थंडी दिलेली आहे का. दिलेली असेल तर हवा गार होईपर्यंत फ्रीजमध्येच ठेवा. नसेल तर सप्टेंबरअखेरीस कंद कागदी पिशवीत घालून, पिशवीला भोकं पाडून भाजीच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये अजिबात नको, आणि प्लास्टिकची पिशवीही नको. कंदांना बुरशी धरते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या फ्रीजमध्ये सफरचंद, केळी, पेरू, आंबा यांतलं काही ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि आतली कळी जळते. बाहेरून कंद ठणठणीत दिसतो, त्यामुळे नुकसान कळतं ते थेट फेब्रुवारीत. घरात फळं भरपूर येत असतील तर ती तीन महिने बाहेर ठेवायची तयारी असेल तरच या वाटेला जा. पिशवीवर ठळक नावही लिहा. कंद हुबेहूब छोट्या कांद्यासारखे दिसतात आणि ते खाण्याचे नाहीत. मांजर-कुत्र्यांनाही विषारी असतात.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कंद फ्रीजमधून काढले की त्याच संध्याकाळी लावा. मातीची कुंडी घ्या, ती गार राहते. लाल माती, कोकोपीट आणि गांडूळखतात थोडी जाड वाळू मिसळा. पाणी साचलं की कंद कुजलाच. कंदाची एक बाजू चपटी असते, ती कुंडीच्या काठाकडे करा. पहिलं मोठं पान त्याच बाजूनं निघतं आणि बाहेर झुकतं, त्यामुळे कुंडी भरलेली दिसते. मुळं धरेपर्यंत कुंडी सावलीत ठेवा, भोवती ओलं गोणपाट गुंडाळा. कोंब वर आले की पूर्वेकडचं सकाळचं ऊन पुरे. महिना-दीड महिन्यात फुलं येतात.

प्रश्न : कोणती जात घ्यावी? (औंध)

लवकर फुलणारीच. फेब्रुवारीच्या मध्यापासून आपल्याकडे ऊन तापू लागतं, त्यामुळे उशिराच्या जातींचे उंच दांडे माना टाकतात. ‘ख्रिसमस ड्रीम’ गुलाबी, ‘मॉन्टे कार्लो’ पिवळं आणि दुहेरी पाकळ्यांचं, ‘प्युरिसिमा’ पांढरं. मला यांत ‘मॉन्टे कार्लो’ आवडतं, बुटकं असल्यानं बाल्कनीतल्या वाऱ्यात ते पडत नाही. फुललेली कुंडी दुपारी घरात गार कोपऱ्यात ठेवा, फूल जास्त टिकतं.

प्रश्न : हेच कंद पुढच्या वर्षी चालतील? (हडपसर)

नाही. फुलल्यावर मूळ कंद संपतो आणि शेजारी नवे धरतात. ते पोसायला लांबलचक गार वसंत लागतो. पुण्यात मार्चलाच पानं करपतात. कंद कंपोस्टमध्ये टाका आणि पुढच्या वर्षी नवे घ्या.

प्रश्न : फ्रीजमध्ये जागाच नाही. दुसरं काही? (धनकवडी)

मे फ्लॉवर लावा. लाल चेंडूसारखं फूल उन्हाळ्याच्या शेवटी येतं आणि कंद वर्षानुवर्षं त्याच कुंडीत राहतो. सुगंध हवा असेल तर मार्च-एप्रिलमध्ये निशिगंधाचे कंद लावा, पावसाळ्यात दांडे येतील. दोन्ही कंद नर्सरीत सहज मिळतात.