'माजी गुलाम' म्हणू नका, आणि '-गिरी'ची खरी गोष्ट

एका वाचकाचा प्रश्न: "अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या आफ्रिकन लेखकांच्या गुलामीविरोधी पुस्तकांवर लिहितो आहे. 'माजी गुलाम लेखकांची पुनर्मुद्रित पुस्तके' असा मथळा चालेल का? आणि 'गुलामी' बरोबर की 'गुलामगिरी'?"

'माजी' आधी खोडा. हल्ली जिथे तिथे हा 'माजी गुलाम' दिसतो आणि प्रत्येक वेळी डोक्यात तिडीक जाते. माजी आमदार, माजी सरपंच, माजी विद्यार्थी. मराठीत 'माजी' लागतो तो पदाला, नेमणुकीला, जिथे माणूस दाखल झाला आणि रीतसर बाहेर पडला अशा जागेला. शब्द अरबी, अर्थ नुसता 'गेलेला, भूतकाळचा', पण आपल्याकडे येऊन तो निवृत्तिवेतनधारक झाला. गुलामीची काय मुदत संपते, निरोपसमारंभ होतो?

गुलामीतून सुटून लेखक झालेल्या ओलाउदा इक्विआनोचंच बघा. जुलै १७६६ मध्ये कॅरिबियनमधल्या माँटसेराट बेटावर त्याने स्वतःची किंमत मोजून स्वतःला सोडवलं. मालकाने चाळीस पौंड स्टर्लिंगला घेतला होता, तेवढेच परत मागितले. मुक्ततेचा कागद त्याने आपल्या पुस्तकात सबंध छापलाय. त्यात रक्कम बेटाच्या चलनात म्हणून 'सत्तर पौंड' अशी आहे. आणि १७८९ साली लंडनला पुस्तक निघालं तेव्हा मुखपृष्ठावर स्वतःला काय म्हणवलं? 'आफ्रिकन'. आधी गुलाम होतो वगैरे काही नाही. शिवाय 'स्वतः लिहिलेले' हे ठळकपणे.

मेरी प्रिन्स या कॅरिबियन बेटांवरच्या गुलाम बाईच्या बाबतीत तर 'माजी' सरळसरळ चूक आहे. तिची हकीकत १८३१ साली छापली गेली तेव्हा ती लंडनमध्ये होती. मालकाचं घर सोडून दोन वर्षांहून जास्त काळ झाला होता, इंग्लंडात तिला कोणी हात लावू शकत नव्हतं. पण कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावर नवऱ्याकडे परत जायचं म्हटलं तर बोटीतून उतरल्या क्षणी ती पुन्हा त्याच मालकाची. तो मुक्तीचा कागद द्यायला तयार नव्हता. म्हणून शीर्षकात तिला वर्तमानकाळीच 'वेस्ट इंडियन गुलाम' म्हटलंय. तिला 'माजी' करून टाकलं की सगळा पेचच नाहीसा होतो.

मग काय म्हणायचं? 'गुलामीतून सुटलेले' म्हणा. 'गुलाम केलेले' म्हणा. 'गुलाम बनवले गेलेले' कृपा करून म्हणू नका. 'केलेले' असताना 'बनवले गेलेले' ही शेपटी कशाला?

आता 'गुलाम'. इंग्रजी 'स्लेव्ह' स्लाव लोकांवरून आला हे सगळ्यांना पाठ झालंय, ते सोडा. आपला गुलाम जास्त गंमतीचा आहे. अरबीत 'गुलाम' म्हणजे मुलगा, पोरगा. बस. कुराणात यूसुफची गोष्ट आहे. त्याला भावांनी विहिरीत टाकलंय, वाटेने एक काफिला येतो, पाणक्या पोहरा सोडतो आणि ओरडतो: खूशखबर, हा तर गुलाम! म्हणजे 'अरे, हा तर मुलगा!' आणि लगेच पुढच्या आयतीत त्याला मोजक्या दिरहमांना विकून टाकतात. एका शब्दाचा एका अर्थातून दुसऱ्या अर्थात जाण्याचा रस्ता इतका आखीव सहसा सापडत नाही.

ही खोड एकट्या अरबीची नव्हे. पत्त्यातला आपला गुलाम इंग्रजीत हल्ली 'जॅक' असतो, पण त्याचं जुनं नाव 'नेव्ह'. नेव्ह म्हणजे आज लबाड, मधल्या काळात चाकर, मुळात पोर. जर्मनमध्ये 'क्नाबे' अजूनही मुलगाच.

आणि या पुस्तकांत तो मूळ अर्थ जसाच्या तसा बसतो. घरची मोठी माणसं शेतावर गेलेली असताना आपल्याला आणि बहिणीला कुंपणावरून आलेल्या लोकांनी उचललं, असं इक्विआनो लिहितो. तेव्हा वय अकराच्या आसपास. असाच दुसरा लेखक ओट्टोबा कुगोआनो फांटी मुलखातला, आजच्या घानाचा किनारा. तो अठरा-वीस मुलामुलींबरोबर शेतात खेळत होता तेव्हा धरला गेला. त्याचं वय तेराच्या आसपास. पोरं होती ही. अरबी अर्थाने गुलाम होती, मराठी अर्थाने पुढे केली गेली.

याच कुगोआनोने १७८७ च्या पुस्तकात गुलामांच्या व्यापाराला व्यापार मानायलाच नकार दिला. माणूस पळवणारा चोर, त्याच्याकडून घेणारा चोर, आणि घेऊन बाळगणारा तर रोजचा चोर. लहानपणी 'गुलामचोर' खेळताना शेवटी हातात गुलाम उरतो तो चोर ठरतो. खेळ कुणी बसवला ठाऊक नाही, पण कुगोआनोला नियम पटला असता.

आता माझ्या आवडीच्या मुद्द्यावर येतो. 'गुलामी' आणि 'गुलामगिरी' यांना समानार्थी मानणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. कोशवाले '-गिरी'ला धंदा किंवा वृत्ती दाखवणारा प्रत्यय म्हणतात आणि पान उलटतात. का? तर फारसी '-गर' म्हणजे करणारा, त्याची '-गरी', तिची मराठीत '-गिरी'. कारीगरचा कारागीर झाला, हा त्यांचा हुकमाचा एक्का. मान्य. पण फारसीत दुसराही एक 'गीर' आहे, 'घेणे, धरणे' या धातूचा, आणि तो मराठीत काही कमी नाही. जहाँगीर म्हणजे जग घेणारा. जहागीर म्हणजे जागा धरलेली. दस्तगीर म्हणजे हात धरणारा. बारगीर म्हणजे ओझं घेणारा, आधी घोडा आणि मग सरकारी घोड्यावरचा स्वार. दिलगीर म्हणजे ज्याचं मन दुःखाने धरलंय तो. आणि मुलूखगिरी! मुलूखगिरीत 'मुलूख करण्याचा धंदा' कोणता कोशवाला दाखवणार आहे? तिथे मुलूख घ्यायलाच जात.

माझं म्हणणं असं की 'गुलामगिरी' या दुसऱ्या घरची आहे. मुलूखगिरीत मुलूख धरतात, गुलामगिरीत गुलाम धरतात. 'गुलामी' ही भोगणाऱ्याची अवस्था, 'गुलामगिरी' ही धरणाऱ्याची करणी. "मग दादागिरीत दादाला धरतात का?" असं एका विद्वानांनी मला हसत विचारलं होतं. नाही, साहेब. दादागिरी पहिल्या घरची. एकाच वेशात दोन प्रत्यय फिरत असतील तर दोघांना एकाच बापाचं नाव लावायचं कारण नाही. याला कागदोपत्री पुरावा आहे का? अर्थाचा आहे, आणि मला तो पुरतो.

जोतीरावांनी १८७३ च्या पुस्तकाला 'गुलामी' नव्हे, 'गुलामगिरी' नाव दिलं आणि ते अर्पण केलं काळ्या लोकांच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पुस्तकाचा रोख कुणावर आहे? धरणाऱ्यांवर. फुल्यांनी फारसी व्याकरण उघडून नाव ठेवलं असं मी म्हणत नाही. त्यांचा कान पक्का होता, एवढंच म्हणतो.

"आपल्याकडे हे नव्हतंच, म्हणून शब्दही परका" असं म्हणणाऱ्यांनी पेशवे दप्तरातल्या कुणबिणी आणि बटकी, म्हणजे गुलाम बायका, आठवाव्यात, ज्यांची खरेदी-विक्री व्हायची. ब्रिटिश संसदेचा १८३३ चा गुलामीबंदीचा कायदाही ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखाला लागू नव्हता. इथे वेगळा कायदा यायला १८४३ उजाडलं.

हां, तुमचं 'पुनर्मुद्रित' राहिलं. पत्रात पुढे तुम्ही लिहिलंय की इक्विआनोच्या पुस्तकाचं "त्याच्या हयातीत नऊ वेळा पुनर्मुद्रण झालं". नऊ आवृत्त्या निघाल्या म्हणा, १७८९ ते १७९४. मजकूर हलला तर आवृत्ती, तोच ठसा पुन्हा उमटला तर पुनर्मुद्रण. हल्लीचे प्रकाशक शंभर प्रती जास्त काढून 'दुसरी आवृत्ती' छापतात, त्यांच्या नादी लागू नका. इक्विआनो दरवेळी हात फिरवत होता. १७९२ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रांनी हा आफ्रिकेत जन्मलेलाच नाही असं छापलं, तर त्याचा समाचार त्याने पुढच्या आवृत्तीच्या तोंडाशीच घेतला. मेरी प्रिन्सच्या पुस्तकाच्या १८३१ या एकाच साली तीन आवृत्त्या झाल्या. तिच्या अंगावरच्या खुणांविषयी विचारणा आली, तेव्हा तिसरीत तिच्या पाठीवरचे व्रण डोळ्यांनी पाहिलेल्या बाईंचं पत्र जोडलं. ही पुनर्मुद्रणं नव्हेत. १९६९ साली अभ्यासक पॉल एडवर्ड्सच्या प्रस्तावनेसह इक्विआनो आणि कुगोआनो पानाला पान जुळवून छापले गेले, ती मात्र पुनर्मुद्रणं. त्याच एडवर्ड्सने १९६७ मध्ये काढलेला इक्विआनो संक्षिप्त आहे, तो दोन्हींत घालू नका.

तेव्हा मथळा असा करा: 'गुलामगिरीविरुद्ध आफ्रिकन लेखक: जुन्या आवृत्त्या, नवी पुनर्मुद्रणे'. आणि इक्विआनोमधला 'क्वि' ऱ्हस्व ठेवा, पत्रात तुम्ही तीन ठिकाणी दीर्घ काढलाय.