टेपवाल्या नानांना विचारा

प्रश्न : नाना, मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीत घरी आल्यापासून एकाच अमेरिकन गायकाची गाणी लावतोय. आवाज चिरका, सूर सुटलेला, मागे लहान पोरांच्या पेटीसारखं काहीतरी वाजतं. अंगात बेडकाचं चित्र असलेला टी-शर्ट, तोही त्याच गायकाचा म्हणे. तो मनोरुग्ण होता असंही सांगतो. हा माणूस कोण, आणि मी काळजी करायची का? – एक आई, चोपडा

उत्तर : ताई, त्या बेडकाचे डोळे गोगलगाईसारखे दांड्यांवर आलेले असतील, तर तो डॅनियल जॉन्स्टन. पुतण्याने मला पहिल्यांदा ऐकवला तेव्हा मी म्हणालो होतो, "आधी टेपरेकॉर्डरचं हेड साफ कर, स्पिरिटचा बोळा फिरव." हेड साफ होतं. माणूसच तसा गायचा.

भुसावळला माझं कॅसेटा भरून द्यायचं दुकान होतं. लोक चिठ्ठीवर गाणी लिहून आणत, मी साठच्या नाहीतर नव्वदच्या कॅसेटमध्ये भरून देई. डबल डेक, म्हणजे एका कॅसेटवरून दुसरी भरणारा टेप, होता म्हणून घर चाललं. डॅनियलकडे नेमका तोच नव्हता. जन्म १९६१चा, सॅक्रामेंटोचा, वाढला वेस्ट व्हर्जिनियात, पाच भावंडांत धाकटा. एकोणसाठ डॉलरचा सान्योचा टेप समोर ठेवायचा, बटण दाबायचं आणि गायचं. सुरुवातीला कॉपी काढायची सोय नव्हती, म्हणून कुणी कॅसेट मागितली की हा पठ्ठ्या सगळी गाणी पुन्हा पहिल्यापासून गायचा! लग्नसराईत माझ्याकडून दिवसाला पंधरा कॅसेटा जात. तशा भरायच्या म्हटलं तर पंधरा तास गात बसावं लागलं असतं, आणि गिऱ्हाईक वर म्हणालं असतं, "नाना, माझ्या कॅसेटमध्ये तुम्ही खोकलात."

पुढे तो टेक्सासमधल्या ऑस्टिनला गेला. मॅकडोनाल्ड्समध्ये कामाला होता आणि भेटेल त्याच्या हातात आपली कॅसेट ठेवायचा. बेडूक आहे तो १९८३च्या कॅसेटवरचा. तिचं नाव 'हाय, हाऊ आर यू'. आपल्याकडे म्हणतात तसं, कसा शे भो? १९९२ मध्ये 'निर्वाणा' या गाजलेल्या अमेरिकन बँडचा गायक कर्ट कोबेन तो टी-शर्ट घालून टीव्हीवर दिसला आणि बेडूक जगभर गेला. मग एका मोठ्या कंपनीने त्याला घेतलं, १९९४ मध्ये नीट स्टुडिओतली रेकॉर्ड निघाली. ती खपली नाही, कंपनीने सोडून दिलं. लोक आजही धरून बसलेत त्या घरच्या कॅसेटा. एका जुन्या कॅसेटमध्ये तर त्याची आई त्याच्यावर ओरडतेय, तेही त्याने तसंच ठेवलंय. तुमच्या मुलाला तेवढं ऐकवायला सांगा. भाषा कळली नाही तरी सूर ओळखीचा वाटेल.

आता आजाराचं. आजार खरा होता आणि भारी होता. १९९० मध्ये वडिलांच्या छोट्या विमानातून घरी जाताना त्याने चावी काढून बाहेर फेकली. वडील युद्धातले वैमानिक, त्यांनी विमान कसंबसं झाडांत उतरवलं म्हणून दोघं वाचले. वेड होतं म्हणून गाणी आली, असं रंगवून सांगणारे बरेच भेटतील, मला ते अजिबात पटत नाही. इस्पितळात, गोळ्यांच्या गुंगीत किती दिवस वाया गेले ते बघा. पुढे आईवडिलांनी सांभाळलं, भावाने कारभार पाहिला, म्हणून तो अठ्ठावन्न वर्षं जगला. २०१९ च्या सप्टेंबरात गेला.

काळजीचं म्हणाल तर पोरगा जेवतो का, झोपतो का, मित्रांशी बोलतो का, एवढं बघा. त्यात बिघाड दिसला तर डॉक्टरांकडे न्या. नसेल तर टी-शर्ट तेवढा धुवायला टाका.

प्रश्न : मी अहिराणीत स्वतः गाणी लिहितो आणि गातो. जळगावच्या स्टुडिओत एका गाण्याचे जे पैसे सांगतात ते परवडत नाहीत. मित्र म्हणतात डीजेचा ठेका टाक, नाहीतर कुणी ऐकणार नाही. मोबाईलवर भरलं तर चालेल का? – एक वाचक, शिरपूर

उत्तर : चालेल. पंखा बंद कर, गोधडी अंगावर घे, रात्री भर. ठेका हवा असेल तर टाक, मित्रांसाठी टाकू नको. आमच्या बाजूच्या आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. सोपानदेव आणि पितांबर चौधरींनी ऐकून उतरवून ठेवलं, १९५१ मध्ये त्या गेल्या, आणि अत्र्यांनी मनावर घेतलं म्हणून १९५२ला पुस्तक आलं. (दर वेळी बहिणाबाईंना आणू नका, असं संपादक मला सांगतात. पुढच्या वेळी नाही आणणार.) जात्यावर बसण्याआधी त्यांनी माइकची चौकशी केली नव्हती. गाणं भरलंस की तारीख आणि गाव मात्र बोलून ठेव.

प्रश्न : आईने आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) म्हटलेली गौराईची गाणी एका कॅसेटवर आहेत. आई आता नाही. आवाज एकदम दबका येतो. गावातला एक जण म्हणतो, कॉम्प्युटरवर सगळी खरखर काढून देतो. देऊ का? – एक वाचक, यावल

उत्तर : आत्ताच देऊ नका. आवाज दबका येतो तेव्हा बहुतेक वेळा टेप चांगली असते. कॅसेटच्या तोंडाशी मधोमध पत्र्याच्या पट्टीवर नमद्याचा छोटा चौकोन असतो, तो टेपला हेडवर दाबून धरतो. जुना झाला की त्याचा गोंद सुटतो आणि तो पडतो. दुसऱ्या कॅसेटचे पाच स्क्रू काढून तिचा बसवायचा. आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवून घ्या. पहिली कॉपी आहे तशीच काढा, खरखरीसकट. झोक्याची कडी करकरत असेल, मागे कुणी भांडत असेल, तेही राहू द्या. साफसफाई दुसऱ्या कॉपीवर करा.

आणि कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन प्लास्टिकचे दात मोडलेत का बघा, नसतील तर आजच मोडा. ते मोडले की वरून दुसरं काही भरता येत नाही. रावेरकडच्या एका केळीवाल्याने मला जुनी कॅसेट दिली, म्हणाला, सिनेमाची गाणी भरून द्या. दात मोडलेले होते. म्हणजे कुणीतरी मुद्दाम मोडले होते. मी न ऐकता भोकांवर चिकटपट्टी लावली आणि भरून दिली. महिन्याने तो परत आला, ओरडला नाही, नुसती कॅसेट काउंटरवर ठेवली. माझी गाणी संपल्यावर शेवटी दोनेक मिनिटं त्याच्या आजीचा आवाज उरला होता. ओवी अर्ध्यावर, मग "दूध उतू चाललं" असं कुणीतरी म्हणतं, आणि टेप संपते. तेवढ्या दोन मिनिटांच्या मी त्याला तीन कॉप्या काढून दिल्या. पैसे तो देत होता, मी घेतले नाहीत.

भुसावळला येणं झालं तर कॅसेट घेऊन या. डबल डेकची प्लेची बाजू अजून चालते. रेकॉर्डची बंद पडली, ती मी दुरुस्त केलेली नाही.