बेटा माशासाठी काचेचा बाऊल नको

दुकानदार काहीही सांगो, बेटा माशाला बाऊलमध्ये ठेवू नकोस. तो वर येऊन हवेतूनही श्वास घेतो, म्हणून इवल्याशा पाण्यात तग धरतो. पण तग धरणं म्हणजे सुखात असणं नव्हे. निदान १८-२० लिटरची टाकी घे, वर झाकण हवंच, कारण हा उडी मारतो. पाणी २५ ते २८ अंशांवर ठेव. पुण्यातल्या डिसेंबरात हीटरशिवाय तो तळाशी गप्प पडून राहतो, बघवत नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन औषध टाकून काढ. दर आठवड्याला पाव भाग पाणीच बदल, सगळं कधीच नाही, आणि फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घे. स्पंजातले जिवाणूच माशाच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवतात. माशाच्या खाद्याचे दाणे दिवसाला चार-पाच पुरेत. दुसरा नर मात्र सोबत कधीच सोडू नकोस.