गॅरेजच्या झिजलेल्या कोब्यावर इंचभर माल टाकण्याआधी

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अमळनेरला काळ्या जमिनीवर घर, १२ बाय २० फुटांचं गॅरेज, काँक्रीट २००५ सालचं. चाकांखालच्या दोन पट्ट्यांत खडी उघडी पडलीय, झाडू मारला की सुपलीभर भुकटी निघते, मागच्या भिंतीपाशी पाणी साचतं आणि मधोमध एक लांब तडा आहे. मिस्तरी म्हणतात, ‘वरून इंचभर माल टाकून घोटून देतो, एका दिवसाचं काम.’ तुम्ही विचारताय की हे टिकेल का, की त्यापेक्षा इपॉक्सी (फरशीवरचा रेझिनचा कडक लेप) करून घ्यावं.

इंचभर माल टिकणार नाही. एवढं ठामपणे सांगतो, कारण हेच काम मी २०११ च्या मे महिन्यात माझ्या भुसावळच्या घरी करून घेतलं होतं. जुना कोबा झाडून पाणी शिंपडलं, वाळू-सिमेंटचा माल पसरला, वर कोरडं सिमेंट भुरभुरून आरशासारखं घोटलं. दिवसभर बघत राहावं असं दिसत होतं. दिवाळीत गाडी आत घेताना चाकाखाली कडकड आवाज आला आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत अर्धा थर खपल्यांनी सुटला. फोडायला गेलो तर खालचा जुना पृष्ठभाग जसाच्या तसा, धुळीसकट. नवा माल त्याला कधी चिकटलाच नव्हता. पातळ थर भुसावळच्या उन्हात दोन तासांत सुकून आकसला, आणि आकसताना खालून सुटला. तेव्हापासून माझ्या आणि नातेवाइकांच्या मिळून बऱ्याच गॅरेजांची कामं उभं राहून करून घेतली आहेत, त्यावरून लिहितो.

आधी खाली काय आहे ते बघा. एक हातोडी घ्या आणि दर फुटावर हलकं ठोकत सगळं गॅरेज फिरा. खणखणीत आवाज आला तर काँक्रीट धरून आहे. बद्द आवाज आला तर तिथे पोकळ आहे, खडूने गोल करा. मग मोठा खिळा घेऊन जोर लावून रेघ ओढा. नुसता पांढरा ओरखडा उठला तर वरची साय तेवढी गेलीय, आतलं चांगलं आहे. खिळा रुतून चर पडला तर ते काँक्रीट मुळातच कमजोर आहे आणि त्याच्यावर काहीही टाकलं तरी तेही त्याच्याबरोबर निघेल. भुकटी निघण्याचं कारण बहुतेक वेळा ओतण्याच्या दिवशीच घडलेलं असतं. कालवताना पाणी जास्त झालं, वर सुटलेलं पाणी तसंच घोटून आत दाबलं, किंवा पाणी मारायचा कंटाळा केला, की वरच्या थरात ताकद राहत नाही.

तड्याकडे मात्र जास्त लक्ष द्या. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. शेतात जे दिसतं तेच घराखाली चालू असतं. तड्याच्या दोन्ही बाजूंवर बोट फिरवा. एक बाजू वर, दुसरी खाली लागत असेल तर जमीन हलतेय. दोन्ही सारख्या असतील तर तड्यावर आडवी पेन्सिलची रेघ मारून तारीख आणि रुंदी लिहून ठेवा, एकदा मे अखेरीस आणि एकदा सप्टेंबरात मोजा. रुंदी बदलत असेल तर वर दोन इंच टाका की चार, तडा त्याच जागी परत उमटेल. अशा वेळी पन्हाळीचं पाणी कुठे पडतं तेही बघा. माझ्या मेव्हण्याच्या चोपड्याच्या घरी छताचा पाइप गॅरेजच्या कोपऱ्यातच मोकळा सोडला होता. तो लांब गटारापर्यंत नेला आणि पुढच्या दोन वर्षांत तडा वाढला नाही. त्याआधी दोन वेळा त्यात सिमेंट भरण्यात पैसे गेले होते.

हातोडी, खिळा आणि पेन्सिल यांनी जे सांगितलं त्यावरून काम ठरतं. एक बाजू खचलेली किंवा निम्म्याहून जास्त जागा पोकळ असेल तर फोडून नव्याने करा. काळी माती जमेल तितकी खोल काढा, निदान दीड-दोन फूट, मुरूम थरांनी पाणी मारून दाबा, दगडाचं सोलिंग (दगडांचा रचलेला थर), त्यावर पीसीसी (बिनसळईचं साधं काँक्रीट) आणि मग चार इंचांचा स्लॅब. स्लॅबमध्ये ८ मिमी सळईची जाळी ८ इंचांवर, आणि ती जमिनीवर झोपलेली नको, ठोकळे देऊन स्लॅबच्या वरच्या भागात हवी. १२ बाय २० चे चार तुकडे पडतील असे एक इंच खोल काप कटरने द्या. थंडीत दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालतं, उन्हाळ्यात त्याच रात्री. आकसायचं काँक्रीट फाटणारच, ते आपण आखलेल्या रेघेवर फाटावं.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं तितकी वेळ आलेली नाही. आवाज खणखणीत असेल तर जुन्याला धरून दोन इंचांचा काँक्रीटचा थर टाका. काँक्रीटचा म्हणतोय, नुसत्या वाळू-सिमेंटच्या मालाचा नाही. त्यात १० मिमीची बारीक खडी हवी, आणि कुठेही दीड इंचाच्या खाली जाऊ नये.

पण त्याआधी पातळी. तुम्ही ‘लेव्हल करायचंय’ म्हणता, तर गॅरेजला सपाट पातळी नको, उतार हवा. शंभराला एक धरला तर २० फुटांना साधारण अडीच इंच होतात, मागच्या भिंतीकडून शटरकडे. लेव्हल पाइपमध्ये पाणी भरून चारही भिंतींवर तीन फुटांवर एक सलग रेघ आखा. त्या रेघेवर दोरी ताणून दर तीन फुटांवर खाली माप घ्या आणि आकडा तिथेच फरशीवर खडूने लिहा. अर्धा दिवस जातो, पण सगळं गॅरेज डोळ्यांसमोर नकाशासारखं उभं राहतं. किती तरी वेळा एखादा उंचवटाच पाणी अडवत असतो. तो भाड्याच्या ग्राइंडरने घासला की अख्ख्या गॅरेजचा माल वाचतो. आणि वर दोन इंच चढल्यावर शटर पूर्ण खाली बसेल का, घरात जायच्या दाराचा उंबरा किती उरेल, बाहेरच्या रॅम्पवर गाडीचं पोट घासेल का, हे आत्ताच मोजा. शटरपाशी उंची चढवायला जागाच नसेल तर तिथलं जुनं काँक्रीट तेवढं खोल फोडावं लागतं. कडेला थर निमुळता करून शून्यावर आणला तर ती कड महिनाभरात उडते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तयारी. मिस्तरींना इथेच घाई असते. जुना सगळा पृष्ठभाग छिन्नी-हातोड्याने किंवा छोट्या ब्रेकरने टाचे मारून खरबरीत करा, वरची गुळगुळीत साय पूर्ण जाऊन खडीचं तोंड दिसायला हवं. पोकळ जागा कडेपर्यंत काढून टाका. ऑइलचे डाग धुण्याचा सोडा आणि गरम पाणी घालून घासा, धुवा, सुकल्यावर पाण्याचे चार थेंब टाका. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर तेल अजून आत आहे, तो भाग फोडूनच काढा. मग ब्लोअर किंवा जोरदार पाण्याने धूळ काढा. हात फिरवल्यावर तळव्याला पांढरं लागता कामा नये.

आदल्या संध्याकाळी पाणी भरून ठेवा, रात्रभर मुरू द्या. सकाळी सगळं झाडून काढा. जुनं काँक्रीट आतून ओलं पण वरून पाण्याची चमक नाही, अशा अवस्थेत हवं. कोरडं असेल तर ते नव्या मालातलं पाणी ओढून घेतं, साचलं असेल तर दोघांच्या मध्ये पाण्याचा थर राहतो. त्यावर एसबीआर लेटेक्स (सिमेंटला चिकटपणा देणारं रबराचं दुधासारखं द्रव) आणि सिमेंटची पातळ खळ ताठ झाडूने घासून लावा, प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं. ही खळ ओली, चिकट असतानाच त्यावर काँक्रीट पडलं पाहिजे. आपल्याकडच्या हवेत ती दहा मिनिटांत वाळते आणि वाळलेली खळ चिकटवण्याऐवजी दोन्ही थर वेगळे ठेवते. म्हणून मिस्तरी पुढच्या दहा मिनिटांत जेवढं झाकणार तेवढ्याच जागेवर लावा. मी स्वतः झाडू हातात घेऊन पुढे पुढे लावत जातो.

मालाचं प्रमाण १ सिमेंट, दीड वाळू, ३ बारीक खडी. २४० चौरस फुटांवर सरासरी दोन इंचांना नऊ गोण्या लागतात, दहा आणून ठेवा. वाळू नदीची असेल तर काचेच्या पेल्यात मिठाच्या पाण्याबरोबर हलवून तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांहून जास्त दिसला तर ती गाडी परत पाठवा. पाणी एका गोणीला २५ लिटरच्या वर नको, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. माल घट्ट वाटला की बादली ओतायची सवय प्रत्येक साइटवर असते, म्हणून पाणी मोजायला घरचं माणूस उभं करा. वर सुटलेलं पाणी उडून जाईपर्यंत गुरमाळा (घोटायची थापी) लावू देऊ नका, आणि कोरडं सिमेंट तर अजिबात भुरभुरू देऊ नका. लाकडी रंध्याने ओढून शेवटी खराट्याच्या हलक्या रेघा द्या. पावसात ओली चाकं, ओले पाय सरकत नाहीत. जुन्या कोब्यात सांधे असतील तर नव्या थरात त्याच रेघेवर काप द्या. तडा हलत नसेल तर तो व्ही आकारात उघडून आधी भरून घ्या, तरी त्याच्यावरही एक काप ठेवलेला बरा.

काम दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत करा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो, गरम वारा सुटतो आणि दोन इंचांचा थर डोळ्यांदेखत फाटतो. उन्हाळ्यात करावंच लागलं तर पहाटे सुरू करून नऊच्या आत संपवा आणि शटरच्या तोंडाला ओली चादर लावून वारा अडवा. पाणी मारणं १४ दिवस. बाजारात आता बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट मिळतं, त्याला कोरड्या उष्ण हवेत एवढे दिवस लागतातच. दिवसातून दोनदा पाइप मारणं म्हणजे पाणी मारणं नव्हे. गोणपाट अंथरून ते सतत ओलं ठेवा, वरून प्लास्टिक टाका.

पैसे आत्ता कमी असतील तर नुसत्या खड्ड्यांचं काम करता येतं. खड्ड्याभोवती ग्राइंडरने चौकोनी काप घ्या, पाऊण इंच खोल, आतलं सगळं काढा, तशीच खळ लावून १ ला ३ च्या मालात एसबीआर घालून दाबून भरा. या मालाला दोन दिवस ओलं ठेवून मग हवेवर सुकू द्यायचं असतं, चौदा दिवस पाण्यात ठेवलं तर त्यातलं लेटेक्स नीट जमत नाही. उरलेल्या, खिळा न रुतणाऱ्या भागाला सिलिकेटचं हार्डनर दोन हातांत मारा. ते काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी मिळून आतल्या बारीक छिद्रांत घट्ट होतं आणि भुकटी थांबते. खड्डा त्याने भरत नाही, कमजोर काँक्रीट त्याने सुधारत नाही.

इपॉक्सीबद्दल. ते झिजलेल्या फरशीवरचा इलाज नाही, चांगल्या फरशीवरचा शेवटचा हात आहे. दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक फरशीवर चारही बाजूंनी चिकटवून १६ तास ठेवा, पावसाळ्यात नक्की करून बघा. आतून दव धरलं तर खालून ओल येतेय, आणि काळ्या जमिनीवरच्या जुन्या घरांत ती बहुधा येतेच. तिथे इपॉक्सी फुगे धरून उठतं. स्वस्त इपॉक्सी रंग तर धुळ्याहून हायवेने आलेल्या गाडीच्या तापल्या टायरला चिकटून निघतो. दुकानात मिळणारी सेल्फ लेव्हलिंगची पावडरही बहुतेक वेळा वरून टाइल किंवा दुसरं काही बसवायचं असतं त्यासाठी असते, उघडी ठेवून गाडी चालवण्यासाठी नाही. घेताना पिशवीवरचं वाचा.

गाडी २८ दिवस बाहेर राहील, मोटारसायकल आठवड्याने आत घ्यायला हरकत नाही. मिस्तरींना आधीच सांगा की टाचे मारण्याची मजुरी वेगळी देईन, पण माल मी बघितल्याशिवाय कालवायचा नाही. आणि खडूचे ते आकडे लिहून झाले की फोटो इथे टाका. भिंतीपाशी नेमका किती खोलगा आहे ते दिसलं की कुठे घासायचं आणि कुठे भरायचं, ते जागेवर बोट ठेवून सांगता येईल.