उपकार फेडायचे असतात का?

"मॅडम, माझा विश्वास संपलाय का, एवढंच सांगा."

खुर्चीत नीट बसायच्या आधीच ताईंनी विचारलं. वय पन्नाशीच्या आसपास. चर्चच्या मंडळीतल्या संगतीगटात आठ वर्षं सेवा करत होत्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्या म्हणाल्या, "साक्षीच्या वेळी, देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगताना, सगळे त्याची उपकारस्तुती करतात. मीही करते. तोंडातून शब्द येतात, पण आत काही हलत नाही. कुणी आजारी आहे असं कळलं की आधी मनात येतं, आता परत मलाच जावं लागणार. अशा बाईनं सेवा करावी का?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो. शब्द वेगळे असतात, अपराधीपणा तोच असतो.

आधी झोप, भूक, कशात रस उरलाय का, हे विचारून घेतलं. नैराश्याची लक्षणं दिसली असती तर मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. तसं नव्हतं. थकवा मात्र भरपूर होता. 'बर्नआउट' हा शब्द आपण नोकरीशी जोडतो, पण हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं 1974 साली त्यावर लिहिलं, ते न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात आपणहून राबणाऱ्यांना बघून. स्वतःही तो तिथं राबत होता. ज्यांची सेवा करायची त्यांचाच वैताग येऊ लागणं, ही या थकव्याची ओळखीची खूण. ताईंना हे सांगितल्यावर त्या जरा सैलावल्या.

आणि मग मी चूक केली. रोज रात्री कृतज्ञतेच्या पाच गोष्टी लिहून काढा, म्हणून सांगितलं.

दोन आठवड्यांनी त्या वही घेऊन आल्या. एकही दिवस चुकला नव्हता. सुवाच्य अक्षर, प्रत्येक पानावर पाच ओळी, आणि चेहरा पहिल्यापेक्षा ओढलेला. आधीच कर्तव्यांनी वाकलेल्या बाईच्या डोक्यावर मी आणखी एक कर्तव्य ठेवलं होतं. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या गटानं 2005 मध्ये मांडलेला एक प्रयोग मला माहीत होता: आठवड्यातून एकदाच असं लिहिणाऱ्यांचं समाधान वाढलं, तीनदा लिहिणाऱ्यांचं वाढलं नाही. माहीत असून सुचलं नाही. वही बंद करायला सांगितली.

त्या दिवशी आम्ही फक्त आठवडा मांडला. सोमवारी रुग्णालयातल्या भेटी, बुधवारी घरोघरची प्रार्थनासभा, शनिवारी वाटपाच्या कपड्यांची निवड, रविवारी मुलांचा वर्ग, शिवाय गटाचा फोन दिवसभर. मी विचारलं, "यातलं एक काम तुम्ही सोडलंत तर काय होईल?"

मला वाटलं, त्या म्हणतील 'लोक काय म्हणतील'.

बराच वेळ त्या गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "ह्यांचा आजार परत येईल."

आठ वर्षांपूर्वी त्यांचे यजमान मरणाच्या दारातून परतले होते. गट रात्रंदिवस प्रार्थनेला बसला, रुग्णालयात आळीपाळीनं थांबला. ताईंनी तेव्हाच मनाशी ठरवलं की आता आयुष्यभर सेवा. तो निश्चय खराच होता, त्यात खोट काही नव्हती. पण मराठीत 'उपकार' म्हटलं की मागोमाग 'फेडणं' येतंच. ताईंची उपकारस्तुती कधी परतफेड झाली, त्यांनाही कळलं नाही. हप्ता चुकला तर दिलेलं परत नेतील, ही भीती त्या आठ वर्षं कुणाला न सांगता बाळगून होत्या. मग राग येणार नाही तर काय? सावकाराबद्दल कुणाला प्रेम वाटतं?

देवानं काय करावं हे सांगणं माझं काम नाही. मी समुपदेशक आहे, पाळक (चर्चचे धर्मगुरू) नव्हे. मी त्यांना त्यांच्या पाळकांशी ही भीती बोलायला सांगितलं. पाळकांनी ऐकून घेतलं, हे त्यांचं मोठेपण. सगळीकडे असं होत नाही. उपदेश न करता त्यांनी बायबलातल्या निर्गमाचा 18वा अध्याय वाचायला दिला. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करतो, आणि त्याचा सासरा इथ्रो त्याला सांगतो की अशानं तूही थकशील आणि हे लोकही, कामाची वाटणी कर. मला यातलं 'हे लोकही' आवडलं. दमलेल्या माणसाची सेवा घेणाऱ्यालाही ती जड होते.

पण गाठ सुटली ती ताईंनी स्वतःच शोधलेल्या ठिकाणी. पुढच्या भेटीत त्या आल्या त्याच मुळी उत्साहात. "मॅडम, लूक 17 मधले दहा कुष्ठरोगी! लहानपणापासून ऐकतेय. दहा शुद्ध झाले, एकच, तोही परका शोमरोनी, आभार मानायला परत आला. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशू विचारतो. पण त्या नवांचा रोग परत आला, असं कुठं लिहिलेलंच नाही!" मग थांबून म्हणाल्या, "आणि जो परत आला, त्याला येशू काही काम सांगत नाही. ऊठ आणि जा, म्हणतो."

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं उरलंच नव्हतं.

त्यांनी दोन कामं दुसऱ्यांकडे सोपवली: मुलांचा वर्ग आणि बुधवारची सभा चालवणं. रुग्णालयातल्या भेटी ठेवल्या. तिथं जायला अजूनही आवडतं म्हणाल्या. गटात सगळ्यांना हे रुचलं असं नाही. 'ताईंची देवावरची पहिली प्रीती गेली' असं एकीनं ऐकवलंच. ताईंना लागलं ते, दोन दिवस रडल्या. पण सोपवलेलं परत घेतलं नाही.

पहिल्या मोकळ्या बुधवारी त्या घरीच थांबल्या. त्या रात्री दोनदा उठून यजमानांचा श्वास नीट चालू आहे ना, ते पाहिलं. पुढच्या बुधवारी एकदाच.